क्लाइड्सडेल : घोडा, बँक की तालुका?

प्रश्न असा आहे : 1985 सालच्या एका स्कॉटिश कागदाचा अनुवाद करताना पत्त्यात 'क्लाइड्सडेल डिस्ट्रिक्ट' आले. क्लाइड्सडेल ही तर घोड्याची जात. मग घोड्यावरून मुलखाला नाव पडले की उलटे? आणि मराठीत 'जिल्हा' म्हटले तर चालेल का?

आधी शब्द फोडू. क्लाइड ही ग्लासगोतून वाहणारी नदी. 'डेल' म्हणजे खोरे. मधला 'स' षष्ठीचा, आपल्या चा-ची-चेच्या गोतातला. उच्चारात तो 'झ'कडे झुकतो, पण लिहिताना क्लाइड्सडेल रुळले आहे, तेच ठेवावे. हा 'स' सगळीकडे येतोच असे नाही. निथ नदीचे निथ्सडेल होते, ट्वीडचे मात्र नुसते ट्वीडडेल. आपल्याकडे नाही का, मुठेचे मुठेखोरे झाले आणि कृष्णेचे कृष्णा खोरेच राहिले!

(अवांतर : जर्मनमध्ये हाच 'डेल' म्हणजे 'ताल'. बोहेमियातल्या योआखिम्सतालला चांदीची नाणी पडत, त्यांना 'तालर' म्हणू लागले आणि त्यातूनच 'डॉलर' आला. म्हणजे डॉलरही मूळचा खोरेकरच.)

तेव्हा नाव देणारे खोरे. घोडा आणि डिस्ट्रिक्ट दोघेही घेणारे. त्यातही घोडा वडीलधारा. पायांवर पांढऱ्या केसांचे झुबके असलेल्या या ओढकामाच्या घोड्याला 1826 मध्ये हे नाव लावलेले सापडते. क्लाइड्सडेल बँक निघाली 1838 मध्ये, ग्लासगोत. डिस्ट्रिक्ट मात्र अगदी अलीकडचे. 1975 च्या फेररचनेत ते जन्मले तेव्हा त्याचे नाव मुख्य गावावरून लॅनार्क असे होते. क्लाइड्सडेल हे नाव 1980 मध्ये मिळाले आणि 1996 मध्ये डिस्ट्रिक्टच मोडीत निघून साउथ लॅनार्कशरमध्ये विरले. कागद 1985 चा, म्हणजे नाव बरोबर आहे.

आता 'जिल्हा'. मी तरी लिहिणार नाही. त्या काळी वर 'रीजन' आणि त्याखाली 'डिस्ट्रिक्ट' अशी दुपदरी रचना होती. हे डिस्ट्रिक्ट स्ट्रॅथक्लाइड रीजनमधल्या एकोणिसांपैकी एक. त्यामुळे आपल्या हिशेबात ते तालुक्याच्या जवळ जाते. शिवाय लॅनार्कशर नावाची जुनी काउंटी होती. 'जिल्हा' हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवलेला बरा. कायदेशीर कागद असेल तर सरळ 'डिस्ट्रिक्ट' ठेवा, कथा-आठवणी असतील तर 'तालुका' खपून जाईल.

आणि स्ट्रॅथक्लाइड म्हणजे तरी काय? 'स्ट्रॅथ' हा केल्टिक घराण्यातला शब्द, अर्थ रुंद खोरे. म्हणजे क्लाइड खोरे रीजन, त्यात क्लाइड खोरे डिस्ट्रिक्ट! पत्त्यात दोन्ही नावे आली असतील तर अर्थाने भाषांतर करायच्या फंदात पडू नका, वाचक चक्रावेल.

एवढे मात्र करा की नावाला शेपूट लावा : क्लाइड्सडेल घोडा, क्लाइड्सडेल बँक, क्लाइड्सडेल डिस्ट्रिक्ट. अमेरिकेत तर ट्रायथलॉनमधल्या वजनदार पुरुषांच्या गटालाही, घोड्यावरूनच, 'क्लाइड्सडेल' म्हणतात. तिथल्या एखाद्या बातमीत 'काका यंदा क्लाइड्सडेलमध्ये धावले' असे वाचून कुणी स्कॉटलंडचा नकाशा उघडू नये.