बायबलमधल्या भविष्यवाण्या कळत नाहीत. माझा विश्वास कच्चा आहे का?

असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांना दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडून द्या. दर्शन त्यालाच झालेलं, आणि तोच म्हणतो की ऐकलं पण उमगलं नाही. त्याला उत्तर काय मिळतं? दानीएला, तू जा, हे शेवटापर्यंत बंद राहणार. मग तुमची-आमची काय कथा!

आमच्या घरी, नाशिकला शरणपूर रोडला, थोरल्या काकांना मात्र सगळं कळतं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून केलेला तक्ता ते घरसभेत भिंतीला लावतात. पोस्टर कलरने काढलेली दानीएलाच्या दर्शनातली चार श्वापदं, पट्टीने आखलेली त्याचीच सत्तर सप्तकं. उजव्या टोकाची शेवटच्या काळाची चौकट चिठ्ठीवर चिठ्ठी डकवून पुठ्ठ्यासारखी जाड झालीय, कारण तिथली नावं बदलावी लागतात. आधी सोव्हिएत रशिया, मग सद्दाम, मग बारकोड. आधार आलं तेव्हा तीच प्रकटीकरणाच्या पुस्तकातली श्वापदाची खूण ठरली आणि आजीला ते काढू दिलं नाही. तिचं रेशन अडलं. शेवटी आईने काकांना न सांगता तिला रिक्षात घालून नेलं. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या, ठसे उठेनात. आजी ऑपरेटरला म्हणाली, "बघ बाबा, माझ्यावर कुठलीच खूण उमटत नाही."

बरं, त्या श्वापदाचा आकडा 666. रोमी सम्राट नीरोचं 'नेरोन कैसर' हे रूप हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की हाच आकडा येतो, आणि बऱ्याच अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. पहिल्या शतकातल्या छळाशी जोडून वाचा, निम्मी भीती तिथेच उतरते.

मला स्वतःला या भीतीतून यहेज्केल संदेष्ट्याने सोडवलं. त्याच्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर नगर धुळीला मिळवणार असं आहे. 29 व्यात तोच यहेज्केल लिहितो की सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरेतून मजुरीसुद्धा सुटली नाही, म्हणून देव म्हणतो, राजाला आता मिसर (इजिप्त) देतो. बेटावरचं सोर पडलं ते इ.स.पू. 332 मध्ये, सिकंदराने समुद्रात भराव घातल्यावर. आधीचा अध्याय कोणी खोडला नाही, दोन्ही शेजारी ठेवले. योना संदेष्ट्याने चाळीस दिवसांची मुदत दिलेली निनवे नगरीही पश्चात्ताप केल्यावर वाचलीच की. राष्ट्र फिरलं तर देवही बेत फिरवतो, हे यिर्मयाच्या 18 व्या अध्यायात स्वच्छ आहे. रेल्वेचं टाइमटेबल समजून वाचणाऱ्यांचीच पंचाईत होते. दानीएलाचे 2300 दिवस मोजून अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरची माणसं 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभूची वाट बघत बसली होती.

मी काही सेमिनरीत शिकलेलो नाही. यशयाचा 53 वा अध्यायही (ख्रिस्ती लोक त्यात येशूचं दुःख वाचतात तो) यात ओढू नका, तो विषय वेगळा. अडलं तर पाळकांना विचारा, पण तक्ता घेऊन येणाऱ्याला आजीच्या कागदपत्रांपासून लांब ठेवा.

काकांना भर घरसभेत तो 29 वा अध्याय विचारला, तर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करूया." काका, आमेन होऊन बराच वेळ झाला, उत्तर यायचंय अजून.