सोलापुरात विडी वळणाऱ्या आईच्या दोन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत दिवसभर ठेवता येतं का?

नाही, साध्या अंगणवाडीत दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर ठेवून घेत नाहीत. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली ती पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून. आई कामावर असताना मूल सांभाळणं हा तिचा मूळ हेतूच नव्हता. त्यामुळे ३ ते ६ वर्षांची मुलं काही तास बसतात, गरम खाऊ खातात आणि घरी जातात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेसाठी. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या बहुतेक बायका विड्या घरीच वळतात, म्हणजे ज्यांना गरज सर्वात जास्त त्याच बाहेर राहिल्या. मी या बायकांचे योजनांचे अर्ज भरून देते, तेव्हा हे रोज दिसतं: आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि त्याच धुळीत शेजारी रांगणारं पोर. हे बदलायलाच हवं.

मात्र २०२२ पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या कार्यक्रमात ‘पाळणा’ योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. सगळीकडे ही सोय नसते. तुमच्या अंगणवाडी सेविकेला किंवा मुख्यसेविकेला (अंगणवाड्यांवर देखरेख करणारी) ‘पाळणा’ हे नाव घेऊनच विचारा. नुसतं ‘पाळणाघर आहे का’ म्हटलं तर खासगीचा पत्ता सांगतात.