विमान रद्द झालं, रिफंडही घेतला, मग आता केस संपली का?

अमळनेरच्या एका भाऊंनी चार पानी मेल पाठवलाय, पूर्ण देत नाही, मुद्द्याचं सांगतो. मार्चमध्ये घरातले सहा जण काशीला निघाले होते. खरं तर भुसावळवरून काशीला थेट गाड्या आहेत, महानगरी आहे, कामायनी आहे, आपल्याकडचे लोक वर्षानुवर्षं त्यानेच जातात, पण आईचं वय ७४, गुडघे गेलेले, रात्रभर बर्थवर चढ-उतर होत नाही म्हणून भाऊंनी मन मोठं करून मुंबई-वाराणसी विमानाची तिकिटं काढली, गावातल्याच एजंटकडून, माणशी ६,४५०. सकाळी ६:१० चं फ्लाइट. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला गाडी करून निघाले, धुळे, नाशिक, साडेतीनशे किलोमीटरच्या वर रस्ता, आणि कसाऱ्याचा घाट उतरताना रेंज आली तेव्हा रात्री ११:१२ ला एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड पडला की 'ऑपरेशनल कारणांमुळे तुमचं फ्लाइट रद्द झालंय, लिंकवर जाऊन दुसरी तारीख किंवा रिफंड निवडा'. लिंकवर दुसरी तारीख मिळत होती ती थेट तिसऱ्या दिवसाची. तरी ते एअरपोर्टला गेले, काउंटरवरच्या पोराने सांगितलं की रिफंड घ्या नाहीतर तारीख बदला, बाकी आमच्या हातात काही नाही, आणि हेच लिहून द्या म्हटलं तर नाही दिलं. सकाळपर्यंत बाहेरच्या खुर्च्यांवर बसले, घरून बांधून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, आई दर अर्ध्या तासाने विचारत होती, "आते कथा जावानं रे भाऊ?" (आता कुठे जायचं रे?) शेवटी रिफंडचं बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशीचं दुसऱ्या कंपनीचं विमान घेतलं, माणशी ११,९००. काशीच्या हॉटेलच्या दोन खोल्यांचं एका रात्रीचं ४,४०० भाडं बुडालं. रिफंड आला पण एजंटने तिकिटामागे ३५० कापून.

भाऊंचे प्रश्न असे की रिफंड घेतला म्हणजे हक्क गेला का, तिकिटावर लिहिलंय की वाद झाला तर कंपनीच्या शहरातल्याच कोर्टात, मग आम्ही तिकडे खेटे घालायचे का, आणि तिसरा, जो ते सगळ्यात शेवटी आणि जरा लाजत विचारताहेत, एवढ्यासाठी केस करणं बरं दिसतं का.

भाऊ, आधी पहिलं. रिफंड म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत, ती काही भरपाई नाही. माल दिला नाही तर दुकानदार पैसे परत देतो त्याला आपण उपकार म्हणत नाही ना, तसंच. विमान वाहतुकीचं नियंत्रण करणाऱ्या डीजीसीएचा याबद्दल नियम आहे, सीएआर म्हणतात त्याला, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४, मूळचा २०१० चा, नंतर सुधारलेला. त्यात सगळा खेळ आहे तो कंपनीने तुम्हाला कधी कळवलं याचा. दोन आठवडे आधी कळवलं तर दुसरं विमान नाहीतर रिफंड, विषय संपला. दोन आठवड्यांच्या आत पण सुटायच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं तरी तेच, पर्याय द्यायचा किंवा पैसे. पण २४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना कळवलं, तर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान द्यायचं, आणि ते नसेल तर पूर्ण रिफंड अधिक भरपाई. 'अधिक' हा शब्द मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगतो कारण काउंटरवरचा माणूस तो गिळून टाकतो.

भरपाई किती, तर उड्डाणाचा ठरलेला वेळ तासाभरापर्यंत असेल तर ५,०००, एक ते दोन तास असेल तर ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा तुमच्या तिकिटातलं एका बाजूचं मूळ भाडं आणि फ्युएल चार्ज यांची बेरीज, यातलं जे कमी असेल ते. लोक इथे फसतात, दहा हजार ऐकून आनंदतात, खालचं 'जे कमी' वाचत नाहीत. तुमच्या तिकिटावर वेळ २ तास २० मिनिटं दिसतोय म्हणजे गट वरचा, पण ६,४५० मधले टॅक्स, एअरपोर्टचे चार्जेस वगळले की मूळ भाडं आणि फ्युएल मिळून ५,२८० उरतात, तर माणशी ५,२८०, सहा जणांचे ३१,६८०. रिफंड सोडून.

आता कंपनी काय म्हणेल ते सांगतो, कारण नोटिशीला उत्तर येईल तेव्हा घाबरून जाऊ नका. पहिलं म्हणेल की कारण आमच्या हाताबाहेरचं होतं. नियमात तशी सूट आहेच, पूर, दंगल, नैसर्गिक आपत्ती, संप, सुरक्षेचा धोका, हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोलचा अडथळा, सरकारी आदेश, असं काही असलं तर भरपाई नाही. ही सूट कंपन्यांना फार आवडते. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा एक निकाल आहे, दिल्ली-हैदराबाद विमानाचा, डिसेंबर २००७ मधल्या धुक्यातला, त्यात प्रवाशाला खालच्या मंचाकडून मिळालेली भरपाई कोर्टाने रद्द केली, म्हटलं धुकं काही कंपनीने आणलेलं नाही, पण सोबत हेही म्हटलं की उशीर कुणाचाही असो, अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघणं कंपनीचं काम आहे. तुमचं विमान जानेवारीतल्या धुक्यात रद्द झालं असतं तर मी तुम्हाला सरळ सांगितलं असतं की भाऊ, हॉटेलचे पैसे विसरा आणि शांत बसा. पण मार्चमध्ये, मेसेजमध्ये हवामानाचा ह सुद्धा नाही, नुसतं 'ऑपरेशनल'. ऑपरेशनल म्हणजे काय, पायलट नाही, विमान नाही, का सीट भरल्या नाहीत? हे सगळं कंपनीच्या घरातलं आहे, त्याला निसर्गाचा कोप म्हणता येत नाही, आणि अपवादात बसवायचं असेल तर कारण कंपनीने दाखवायचं, कागदासकट. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारोंनी विमानं रद्द झाली ती आठवत असतील, पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि तेवढं मनुष्यबळ तयार नव्हतं. ते नियम २०२४ च्या सुरुवातीलाच जाहीर झालेले, एका रात्रीत आले नव्हते. तेव्हा 'सरकारी नियमामुळे' असं उत्तर आलं तरी पुढचा प्रश्न विचारायचा की तुम्हाला कधीपासून माहीत होतं.

एक काम तुम्ही आजच करा, त्या सकाळी मुंबईहून वाराणसीला बाकी कोणाची विमानं गेली का ते बघा, फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर जुन्या तारखा सापडतात, पण कायम राहत नाहीत. गेली असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग हवामानाची गोष्ट कुणी मागाहून रचू शकत नाही.

दुसरं म्हणेल की आमच्याकडे प्रवाशाचा नंबरच नव्हता. हे आपल्या गावाकडचं दुखणं आहे, एजंट सहाच्या सहा तिकिटांवर स्वतःचा मोबाइल टाकतो, कधी धंदा तुटू नये म्हणून, कधी सवय म्हणून. आणि नियमात खरंच आहे की बुकिंगच्या वेळी नीट संपर्क न देणाऱ्याला भरपाई नाही. तुमच्या बाबतीत एजंट म्हणतो की कंपनीचा एसएमएस त्याला संध्याकाळी ७:४० ला आला, तो लग्नात होता, त्याने अकरानंतर पाहिला. मी म्हणतो ठीक आहे, ७:४० धरा. ७:४० ते सकाळी ६:१० म्हणजे साडेदहा तास. चोवीसच्या आतच आहे. म्हणजे नंबर तुमचा असता तरी कंपनीने नियम मोडलाच होता, फरक एवढाच पडला असता की तुम्ही वाटेतूनच मागे फिरला असता. हे उत्तर पाठ करून ठेवा. आणि पुढच्या वेळी तिकीट काढताना समोर बसून स्वतःचा नंबर आणि मेल टाकायला लावा.

तिसरं म्हणेल की आम्ही दुसरी तारीख देत होतो, तुम्हीच नाकारली. नियमात शब्द आहे तो 'प्रवाशाला मान्य असेल असं' विमान. तिसऱ्या दिवशीचं विमान, पूजेचा दिवस निघून गेल्यावर, मान्य करायची सक्ती नाही. हां, तुम्ही ते घेतलं असतं तर मात्र रोख भरपाईचा मुद्दा खूप दुबळा झाला असता, आणि थांबलेल्या वेळेचं चहापाणी-जेवण मागता आलं असतं. तुम्ही रिफंड घेतल्यामुळे जेवणाचा मुद्दा मी फार ताणणार नाही, दशम्या होत्या म्हणून निभावलं.

कोर्ट कुठलं, तर जळगाव. तिकिटावर दिल्ली लिहू द्या नाहीतर आणखी काही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, तेव्हा खरंच अडचण व्हायची. धुळ्याच्या माणसाला धुळे, नंदुरबारच्याला नंदुरबार, तुम्हाला जळगाव. आणि अशी एकाच शहराची अट प्रत्येक मंचाला बांधत नाही हेही त्या २०११ च्या निकालातच आलंय, ते प्रकरण कायम लोकअदालतीचं होतं, म्हणजे नेहमीच्या कोर्टाबाहेर वाद मिटवणाऱ्या मंचाचं, आणि तिथे ती अट चालली नाही.

फी नाही. आयोगात रक्कम मोजतात ती तुम्ही मोजलेल्या पैशाची, मागणीची नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. तुमचे ३८,७००. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, हे मी वकील असून सांगतोय त्याची घरी नोंद घ्या. ऑनलाइन दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवर, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. सहाही जणांची नावं तक्रारदार म्हणून टाका, आईचं सुद्धा, एकाच पीएनआरवर आहेत. मुदत दोन वर्षांची, पण दोन वर्षं झोपू नका.

आधी मात्र पायऱ्या नीट चढा. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला मेल, त्यात ३१,६८० ची स्पष्ट मागणी आणि रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी मागा, पंधरा दिवस द्या. सोबत एअरसेवावर, म्हणजे विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर, तक्रार टाका आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. बऱ्याच वेळा इथेच मिटतं. कधीकधी कंपनी व्हाउचर पुढे करते, पुढच्या प्रवासात वापरा म्हणून, ते घ्यायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, रिफंडचंही तसंच, पैसे कंपनीच्या खात्यात जमा ठेवायची जबरदस्ती चालत नाही. नाहीच ऐकलं तर आयोग. तिथे कंपनीला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा, त्यापुढे एकही दिवस नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०२० मध्ये पक्कं केलंय. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. प्रयत्न हा शब्द कायद्यातलाच आहे, तुम्ही दीड-दोन वर्षं धरून चाला.

मागायचं काय, तर भरपाई ३१,६८०, नव्या तिकिटातला फरक माणशी ५,४५० प्रमाणे ३२,७००, हॉटेलचे ४,४००, मानसिक त्रास आणि खर्च वेगळा. भरपाई आणि भाड्यातला फरक दोन्ही पूर्ण मिळतीलच असं मी म्हणणार नाही, आयोग म्हणू शकतो की एकाच दुखण्याचे दोन इलाज मागताय, पण मागताना दोन्ही मागा. मुंबईपर्यंतच्या गाडीचं भाडं मागू नका, शेवटी तुम्ही त्याच एअरपोर्टवरून उडालात. आणि मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका, भाऊ. चाळीसगावच्या एका पक्षकाराने माझं न ऐकता तसे लिहिले होते, समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो आकडा मोठ्याने वाचला आणि मग वर्षभर खऱ्या नुकसानीकडे कुणी बघेचना. ७४ वर्षांची बाई रात्रभर खुर्चीवर बसली हे शपथपत्रात साध्या शब्दात लिहा, किती वाजता काय झालं ते, तेवढं पुरतं.

एजंटचं काय, तर त्याला प्रतिवादी करायचा मोह होईल, त्या ३५० मुळे तर जास्तच. माझं मत नको. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी नियमाने विमान कंपनीवरच आहे, आणि तुम्हाला तो साक्षीदार म्हणून हवाय, समोर उभा केला तर तो कंपनीच्या बाजूला सरकेल. २,१०० रुपयांसाठी त्याच्याशी चहा पिऊन बोला, गावातला माणूस आहे, निम्मे तरी देईल.

बरं दिसतं का या तुमच्या प्रश्नाला मी कायद्याने उत्तर देऊ शकत नाही. एवढंच विचारतो, तुम्हीच सहा तिकिटं आदल्या रात्री रद्द केली असती तर कंपनीने तुमच्याकडून किती कापले असते? तिकिटाच्या मागे लिहिलंय, बघा.

आता उद्या सकाळी पहिलं काम, एजंटच्या दुकानात जा आणि त्याच्या मोबाइलमधला ७:४० चा मूळ एसएमएस दाखवायला सांगा, तुमच्याकडे आहे तो नुसता फॉरवर्ड आहे. कंपनीचं नाव, तारीख, वेळ एका फ्रेममध्ये येईल असा स्क्रीनशॉट घ्या, त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी सहीशिक्क्यासकट लिहून घ्या, आणि एअरपोर्टवरच्या चहाचं बिल अजून पाकिटात असेल तर त्याचा फोटो काढा, त्या कागदावरची शाई उन्हाळ्यात उडते.