माल कोणाच्या हातात, त्यावर कागद : फळबागायतदारांचे प्रश्न

पुरंदर, इंदापूर, जुन्नर, शिरूर आणि पुणे शहरातून फळांच्या कागदपत्रांविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘मला कोणता परवाना लागतो?’ असं विचारलंय. त्याआधी दोन गोष्टी पाहा. फळ आत्ता कोणाच्या हातात आहे, आणि ते झाडावरून उतरवलं तसंच आहे की त्यावर प्रक्रिया झाली आहे. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रश्न : घरच्या बागेतले अंजीर आणि सीताफळ मी पुण्यातल्या शेतकरी आठवडे बाजारात विकतो. अन्न परवाना काढावा लागेल का? यंदा सीताफळाचा गर काढायचाही विचार आहे. (सासवड)

स्वतःच्या बागेतलं फळ जसंच्या तसं स्वतः विकत असाल, तर लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधून शेतकऱ्याच्या हातातला शेतमाल वगळला आहे. पण ही सूट शेतकऱ्याला आहे, फळाला नाही. शेजाऱ्याकडून चार क्रेट सीताफळं विकत घेऊन आपल्या टेबलावर मांडलीत, की तेवढ्या मालापुरते तुम्ही व्यापारी झालात आणि नोंदणी आली.

गराचं प्रकरण वेगळं आहे. गर काढणं ही प्रक्रिया आहे, मग फळ घरचं असो वा विकतचं. ‘फॉस्कॉस’ या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) पोर्टलवर अर्ज करा. उलाढाल लहान असेल तर नोंदणी पुरते, मर्यादेच्या वर परवाना लागतो. अर्ज भरताना ‘व्यवसायाचा प्रकार’ या रकान्यात बरेच जण ‘किरकोळ विक्री’ निवडतात आणि तिथेच अडकतात. गर काढून पॅक करणाऱ्याने उत्पादन-प्रक्रिया हा प्रकार निवडायचा. गर दुसऱ्याच्या शीतगृहात ठेवणार असाल तर त्या शीतगृहाचा परवाना क्रमांकही जवळ असू द्या. डब्यावर तुमचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत, साठवणुकीचं तापमान आणि नाव-पत्ता हवाच.

प्रश्न : डाळिंबाची बाग तीन वर्षांची आहे, पण सातबाऱ्यावर अजून ऊस दिसतो. फळपीक विम्याचा अर्ज भरता येईल का? जमीन भावांच्या सामाईक खात्यात आहे. (इंदापूर तालुका)

आधी सातबारा दुरुस्त करा. उसाची नोंद तशीच ठेवून भरलेला अर्ज पडताळणीत अडकतो आणि नेमकं नुकसान झालं त्या हंगामात हातात काहीच येत नाही.

डाळिंबाला विम्यासाठी बाग किमान दोन वर्षांची लागते, पेरू आणि सीताफळाला तीन. म्हणजे वयात तुम्ही बसता. राहिली ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून केलेली पिकाची नोंद. ही नोंद दर हंगामात करावी लागते, गेल्या वर्षीची नोंद आपोआप पुढे येत नाही. मोबाइल घेऊन जमिनीच्या त्या गटातच उभं राहा, कारण फोटोसोबत ठिकाणाची नोंद जाते. घराच्या ओसरीवरून किंवा बांधापलीकडून काढलेला फोटो गटाच्या हद्दीबाहेर दिसतो. नोंद चुकली तर ४८ तासांत ॲपमधूनच दुरुस्त करता येते. ती वेळ टळली की तलाठी कार्यालयात (हे पद आता ग्राम महसूल अधिकारी आहे) जावं लागतं.

क्षेत्र आणि झाडांची संख्या यांचा मेळ घाला. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. डाळिंब ४.५ × ३ मीटरवर लावलं असेल तर एका झाडाला साडेतेरा चौरस मीटर जागा जाते. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, त्यात साधारण २९६ झाडं बसतात. अर्जात ४० आर आणि ५०० झाडं लिहिली, की पडताळणीला येणारा माणूस तिथेच थांबतो. अंतर खरोखर कमी असेल तर ते अंतर लिहा, आकडा फुगवू नका. बांध, विहीर, शेततळं, गोठा यांची जागा वजा करूनच बागेचं क्षेत्र धरा. एकर आणि आर यांची गल्लतही सर्रास होते. एक एकर म्हणजे सुमारे ४०.५ आर.

सामाईक खात्यात प्रत्येकाने आपल्या वहिवाटीतल्या क्षेत्रापुरतीच नोंद करायची. तिघा भावांनी तिन्ही अर्जांत पूर्ण गटाचं क्षेत्र टाकलं तर तिन्ही अर्ज धोक्यात येतात. एकत्र बसून कोणाकडे किती आर ते कागदावर लिहा, मगच अर्ज भरा. बाग भाड्याने घेतली असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या स्टॅम्पवरचा चालत नाही. मृग आणि आंबिया यांपैकी एकाच बहाराचा (फुलोऱ्याच्या हंगामाचा) विमा घेता येतो, तेव्हा पाणी कधी ताणता ते बघून बहार ठरवा.

शेवटचं नावाचं. सातबारा, आधार, शेतकरी ओळख क्रमांक आणि बँक खातं या चारही ठिकाणी नाव एकसारखं असावं. ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळू’ हे संगणकाला दोन माणसं वाटतात. सातबाऱ्यावरची लेखनचूक महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्त होते. महसूल विभागाच्या ‘ई-हक्क’ पोर्टलवरून अर्ज करा. याला वेळ लागतो, म्हणून विम्याची मुदत जवळ येण्याची वाट पाहू नका. प्रत हवी असेल तर महाभूमी संकेतस्थळावरचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते.

प्रश्न : पिकअपमधून पेरू बाहेरच्या राज्यात पाठवतो. वाटेत ई-वे बिल मागतात. (इंदापूर)

ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) नाही. गाडीत माल, वजन आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं चलन ठेवा, सोबत सातबाऱ्याची प्रत. भाड्याची गाडी असेल तर बिल्टी (वाहतूकदाराची पावती). बेदाणा, गर, जॅम यांना ही सूट नाही. त्या मालाचं मूल्य राज्याबाहेर जाताना ५० हजारांवर आणि महाराष्ट्रात एक लाखावर गेलं की ई-वे बिल बनवावं लागतं.

प्रश्न : हंगामात कोथरूडला आंब्याचा स्टॉल लावतो. माल मार्केट यार्डातून घेतो, घरी पिकवतो. तपासणीला आले तर काय काय दाखवायचं? (पुणे)

तुम्ही शेतकरी नाही, त्यामुळे अन्न नोंदणी हवीच, आणि ती दिसेल अशी लावलेली असावी. दर खरेदीचं बिल ठेवा. आंबा सदोष निघाला तर तो कुठून आला हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन कार्यालयाकडून दर वर्षी करून घ्यावी लागते.

पिकवण्याबाबत जराही सूट घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात, आणि हा आंबा लहान मुलं खातात. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. इथिलीनच्या पुड्या वापरत असाल तर त्या फळाला चिकटता कामा नयेत. पुडी छिद्रांच्या छोट्या डबीत घालून डबी पेटीत ठेवा. गवताच्या अढीत पिकवणं सर्वांत निर्धोक, फक्त चार दिवस जास्त धरा.

नावाचंही पाहा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणं हा भौगोलिक उपदर्शन कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. कर्नाटकचा आंबा ‘कर्नाटक’ म्हणून विका, त्याला गिऱ्हाईक आहेच. कोकणातला बागायतदार मात्र जीआय-३ अर्ज भरून अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. शुल्क फक्त १० रुपये आहे. पुरंदरच्या अंजिरालाही मानांकन आहे, तिथल्या शेतकऱ्यांनीही हा अर्ज करावा. एवढ्या स्वस्तात नावाला संरक्षण मिळत असताना ते सोडू नये.

प्रश्न : द्राक्षं युरोपला द्यायची आहेत. आयात-निर्यात कोड मी काढू की निर्यातदार? (नारायणगाव)

कोड आणि अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी निर्यातदाराची. तुमचं काम ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन प्रणालीत बागेची नोंदणी, कृषी विभागामार्फत, दर हंगामात. नोंदणी प्लॉटची असते. एका प्लॉटच्या क्रमांकावर शेजारच्या प्लॉटचे घड गेले, तर औषधांच्या अंश तपासणीचा अहवाल त्या मालाला लागू होत नाही.

फवारणी वही रोजच्या रोज लिहा : तारीख, औषधाचं तांत्रिक नाव, प्रमाण, कशासाठी, काढणीपूर्व किती दिवस. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची शिफारस यादी (अनेक्शर ५) वहीतच चिकटवून ठेवा. वहीतल्या तारखा आणि कृषी सेवा केंद्राची बिलं जुळली पाहिजेत. औषध २० तारखेला घेतलं आणि फवारणी १८ ची लिहिली, की अख्ख्या वहीवरचा विश्वास जातो. नमुना प्रयोगशाळेचा माणूस स्वतः काढतो, तुम्ही तोडून द्यायचा नाही. नमुना गेल्यावर काढणीपर्यंत निर्यातदाराला विचारल्याशिवाय पंप बाहेर काढू नका.

प्रश्न : गुलटेकडी मार्केट यार्डाच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) आडत (दलाली) कापली आहे. बरोबर आहे का? (शिरूर)

नाही. जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तुमच्या पट्टीतून हमाली, तोलाई असे ठरलेले खर्चच कापता येतात. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ म्हणून रक्कम दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा. मूळ पट्टी जवळ ठेवून तिच्या प्रतीसह बाजार समितीच्या सचिवांकडे तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. कोऱ्या चिठ्ठीवरचा हिशेब स्वीकारू नका. छापील पट्टीवर आडत्याचा परवाना क्रमांक, नगांची संख्या, वजन आणि दर असलाच पाहिजे, नाहीतर तक्रारीला आधार राहत नाही.