मसाजचं वर्षाचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : मी ४७ वर्षांची, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. दिवसभर संगणकासमोर बसून मान-खांदा आखडतो, अधूनमधून उजव्या हाताला मुंग्या येतात. धरमपेठेतलं एक वेलनेस सेंटर वर्षभरात २४ मसाज ३६,००० रुपयांत देतंय, अधिक १८ टक्के जीएसटी. सुटा मसाज २,२०० ला पडतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ आहे, पण आठवडाभरात ठरवा म्हणतात. घेऊ का?

उत्तर : ताई, आत्ता तरी घेऊ नका.

पैशाआधी त्या मुंग्यांचं बघा. हाताला मुंग्या म्हणजे मानेत नस दबत असू शकते, आणि तिथे कुणीही रगडणं परवडणारं नाही. धंतोली-रामदासपेठेत हाडांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, खर्च नको असेल तर मेडिकलची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, ओपीडी आहे. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली तर बहुधा मसाजचा प्रश्नच मागे पडेल. शिवाय फिजिओथेरपीच्या उपचारावर जीएसटी नाही.

आता हिशेब. ३६,००० ला २,२०० ने भागा. १७ वेळा गेलात तरच पॅकेज फायद्याचं, १६ वेळा गेलात तर सुटे पैसे देणंच स्वस्त. आणि आपल्या नागपुरात एप्रिल-मे-जूनमध्ये, ४५ अंशांत, अंगाला तेल लावून घ्यायला धरमपेठेपर्यंत कोण जातं? दिवाळी आणि लग्नसराईही वजा करा. पॅकेजची मुदत मात्र या सगळ्यात चालूच राहते.

खरी अडचण वेगळीच आहे. मसाजमध्ये आपण हाताचे पैसे देतो, आणि पॅकेज मिळतं खोलीचं. आईच्या गुडघ्यांसाठी मी एका ठिकाणी १२ सिटिंगचे पैसे आगाऊ भरले होते. पहिल्या दोन वेळा ज्या बाई आल्या त्या तेलाची वाटी उघडण्याआधी विचारायच्या : शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठे फ्रॅक्चर झालं होतं का. तिसऱ्या वेळी गेलो तर त्या नोकरी सोडून गेलेल्या. नवीन पोराने काही न विचारता थेट गुडघा दाबला. आई ओरडली, आम्ही उठलो. उरलेले पैसे? ‘नॉन-रिफंडेबल’ पावतीवरच छापलं होतं. मी इतरांना सह्या करण्याआधी वाचायला सांगतो, बरं का!

फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते, वैद्यांचीही असते. नुसता मसाज करणाऱ्यांसाठी तशी परिषद नाही. म्हणून चौकशी आपणच करायची : कुठे शिकलात, किती महिन्यांचा कोर्स, आधी काय विचारता. तेलाचाच उपाय हवा असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात आधी वैद्यांना दाखवा. तिथे धरमपेठेसारखा मंद उजेड आणि संगीत नसेल, एवढंच.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे कर्जच. प्रोसेसिंग फी विचारा. उद्या सेंटरचं शटर पडलं तरी हप्ता थांबत नाही, कारण तो कर्ज देणाऱ्या कंपनीचा असतो. थांबवलात तर सिबिल तुमचा बिघडतो. विम्यातून किंवा करसवलतीतून यातलं काही सुटेल असंही धरू नका. साध्या मेडिक्लेममध्ये मसाजचं बिल बसत नाही आणि आरोग्यविम्याच्या आयकर सवलतीतही नाही.

डॉक्टर ‘हो’ म्हणाले तर दोन-तीन सुटे मसाज घ्या, एकाच थेरपिस्टच्या हातचे. बरं वाटलं तर महिन्याला एक, म्हणजे वर्षाला २६,४०० अधिक कर, आणि कधीही थांबता येतं. सवलत हवीच असेल तर सहाचं पॅकेज मागा, थेरपिस्ट बदलल्यास उरलेले पैसे परत मिळतील असं लेखी घेऊन. ‘आठवडाभरात ठरवा’ म्हणणारे पुढच्या महिन्यातही तोच भाव देतात, काळजी करू नका.

आणि ते १८ टक्के कोटेशनवर खोडायला लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवर ५ टक्के आहे. ३६,००० वर ४,६८० रुपयांचा फरक पडतो.