जुन्या बाजारातून घेतलेल्या शिवराईंवर हिरवा थर आहे; कमी खर्चात काय करावे?

शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले जुने नाणे, तांब्याची असल्याने तिच्यावरचा गर्द, घट्ट बसलेला थर आतल्या धातूचे रक्षणच करतो. म्हणून चिंच, लिंबू किंवा पितांबरीने ती घासू नये, कारण त्याने अक्षरे झिजतात आणि संग्राहकांच्या लेखी मोलही उतरते. मात्र नखाने सुटणारी फिकट हिरवी भुकटी दिसली, तर तो क्लोराइडमुळे होणारा आणि दमटपणात वाढत जाणारा विकार समजून ते नाणे लगेच वेगळे ठेवावे. असे नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी वरचेवर बदलत, काही आठवडे भिजवावे, सुटलेली माती टूथपिकने अलगद काढावी आणि नाणे पूर्ण वाळवावे. पुण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबा पुरतो. पीव्हीसी या प्लास्टिकची मऊ पाकिटे, स्वस्त असली तरी, अजिबात वापरू नयेत.