सिद्ध झालं, पण उलगडलं का?

गणितात आणि विज्ञानात 'स्पष्टीकरण' कशाला म्हणायचं, या विषयात नव्याने येत असाल तर सिद्धान्तांच्या याद्या पाठ करू नका. एक उदाहरण घ्या आणि त्याच्याशी चार दिवस झगडा.

माझं आवडतं सांगतो. १ पासूनच्या पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज १००. अशा जितक्या विषम संख्या घ्याल, तितक्याचा वर्ग म्हणजे त्यांची बेरीज. गणिती विगमनाने (१ साठी खरं, आणि एका संख्येसाठी खरं असेल तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवून) हे चार ओळींत सिद्ध होतं, तरी 'का?' तसाच राहतो. आता एक ठिपका काढा, त्याला काटकोनात ३ ठिपके जोडा, मग ५, मग ७. दर वेळी चौरसच! दोन्ही सिद्धता तितक्याच निर्दोष, मग दुसरीत जास्त काय आहे? १९७८ मध्ये तत्त्वज्ञ मार्क स्टायनर यांनी याच प्रश्नाला हात घातला.

विज्ञानातल्या स्पष्टीकरणासाठी हेम्पेल आणि ओपनहाइम या तत्त्वज्ञांचा १९४८चा लेख आधी वाचा. नियमांवरून घटना तर्काने काढली की स्पष्टीकरण झालं, असं त्यांचं म्हणणं. पण सावलीच्या लांबीवरून खांबाची उंचीही काढता येते. तरी सावलीमुळे खांब उंच आहे असं कोणी म्हणत नाही. इथे कार्यकारणभाव मदतीला येतो. गणितात कारणंच नाहीत, तिथे काय करायचं? मला हा प्रश्न सगळ्यात खोल वाटतो.

'समजल्यासारखं वाटलं' यावर मात्र विसंबू नका. चुकीच्या स्पष्टीकरणानेही तसंच वाटतं. १ ते १०० या संख्यांच्या बेरजेच्या दोन सिद्धता लिहा आणि कोणती ओळ 'का'चं उत्तर देते, तिच्याखाली रेघ ओढा.